शेऱ्याचा रकाना

तिचे सासरे आयुष्यात कधी हात हलवत घरी आले नव्हते. समुद्राने काही दिलं नाही तर धक्क्यावरच्या कुणाकडून तरी दोन मासे मागून आणत. तेही जमलं नाही तर वाटेवरून पाव, नाहीतर निदान कांदे. सासूबाई सांगायच्या, "मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हासुद्धा हातात खेकड्यांची पिशवी होती. जिवंत खेकडे. माझ्या आईने दारच लावून घेतलं." दार लावून घेऊनही पुढे लग्न झालंच, त्यामुळे या सवयीचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने घराबाहेर. तोही फोनवर सगळ्यात आधी विचारायचा, "आज बाबांनी काय आणलं?"

याच सवयीपायी सुनेची तीन वर्षं पाण्यात गेली.

सून किनाऱ्यावरच्या मत्स्य संशोधन केंद्रात काम करायची. तिचा मासा म्हणजे पट्टेरी. वीतभर लांबीचा, अंगावर तीन काळे पट्टे, आणि काठ सोडून कधी लांब न जाणारा. असा घरकोंबडा मासा एखाद्या जागेची तब्येत सांगायला फार चांगला, कारण तो जिथे जन्मतो तिथलंच सगळं सोसतो. गावाच्या आतल्या बाजूला खाडी होती आणि खाडीच्या तोंडाशी वीजकेंद्र. यंत्रं थंड करून झालेलं कोमट पाणी ते खाडीत सोडायचं. तिला दोन गोष्टी शोधायच्या होत्या. खाडीतले पट्टेरी आणि बाहेरच्या उघड्या किनाऱ्यावरचे पट्टेरी एकाच कुळातले की वेगळ्या, ही पहिली. आणि पाणी किती तापलं तर ते तग धरतात, ही दुसरी.

वर्षातून दोनदा, अशा तीन वर्षांत सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला खाडीतले वीस मासे आणि बाहेरचे वीस. बाहेरचे केंद्राची मोटरबोट आणायची. खाडी मात्र उथळ आणि खडकाळ, तिथे मोटरबोट शिरत नव्हती. शिरायची ती फक्त सासऱ्यांची लहान होडी. पन्नास वर्षं त्याच पाण्यात काढलेल्या माणसाला सोडून दुसरं कुणाला सांगायचं? सासऱ्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. "सूनबाईच्या अभ्यासाचे मासे," असं ते धक्क्यावर सगळ्यांना सांगत. त्यांनी बादली दारात ठेवली की त्यात बरोबर वीस पट्टेरी असायचे, एकही कमी नाही, एकही मेलेला नाही.

मग प्रत्येक मासा काचेच्या टाकीत जायचा. पाणी हळूहळू तापवायचं. एका क्षणी माशाचा तोल जातो, तो एका कुशीवर कलंडतो. त्या क्षणाचं तापमान लिहायचं आणि माशाला लगेच थंड पाण्यात घालायचं. पाच-दहा मिनिटांत तो असा पोहू लागतो जणू काही झालंच नाही. मग त्याचा फोटो, त्याची लांबी, आणि शेपटीच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या कुपीत. सगळं आटोपलं की मासे परत बादलीत. "जिथून आणलेत तिथेच सोडा बरं का बाबा," ती दर वेळी सांगायची, आणि सासरे दर वेळी मान डोलवायचे.

टाकीशी आणि कुप्यांशी बसायचे ते प्रयोगशाळेतले मदतनीस. सव्वीस वर्षं नोकरी झालेले. टेबलावरचं पेनसुद्धा कडेला समांतर ठेवायचे, म्हणून सगळे त्यांना काटेकोर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटायचं.

चौथ्या फेरीनंतर आकडे बदलू लागले. खाडीतले मासे आता जास्त ऊन पाणी सोसत होते. पाचव्या फेरीत ते पहिल्यांदा दिसलं. सहाव्या फेरीपर्यंत तब्बल दीड अंशाचा फरक पडला. शिवाय त्यांची लांबीही वाढलेली. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते हरखून गेले. सर माणूस चांगला होता, पण चांगल्या बातमीपुढे त्यांचं काही चालत नसे. मासा ऊन पाण्याला सरावतोय, धष्टपुष्ट होतोय, असं त्यांनी दोन-चार जणांना फोनवर सांगूनही टाकलं. वीजकेंद्राला खाडीत दुसरा पाइप टाकायचा होता. परवानगी देणारी समिती याच अहवालासाठी थांबली होती, आणि बैठक सोमवारी होती. अहवालावर नाव सुनेचं.

राहिला होता तो फक्त जनुकांचा निकाल. शेपटीचे सगळे तुकडे दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत एकदमच तपासायला पाठवले होते. तो निकाल बुधवारी आला. तिने चहा बाजूला ठेवला आणि संगणकाला प्रत्येक माशाची दुसऱ्या प्रत्येक माशाशी तुलना करायला लावली. पहिली बातमी मनासारखी होती. खाडीचं कूळ वेगळं, बाहेरचं वेगळं, कित्येक पिढ्या एकमेकांत सोयरीक नाही. दुसरी यादी मात्र तिने दोनदा वाचली.

त्या यादीत जुळणाऱ्या जोड्या होत्या. दोन माशांच्या जनुकांतल्या खुणा शेवटच्या खुणेपर्यंत जुळल्या तर ते दोन मासे नसतात, तो एकच मासा असतो. चौथ्या फेरीतल्या वीसपैकी सतरा मासे पाचव्या फेरीत पुन्हा होते. तेच सतरा सहाव्या फेरीतही, आणि दोन्ही वेळा उरलेले तीन बाहेरच्या कुळातले. एखादा मासा पुन्हा जाळ्यात येतो, नशीब असेल तर दोन येतात. सतरा येत नाहीत.

दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारी बाई ती, पण त्या दिवशी तिचा तोल सुटला. तिला एकच कारण सुचलं, ते म्हणजे चिठ्ठ्या. कुप्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार, आणि चिठ्ठ्या लावायचे काटेकोर. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि तीन वर्षांच्या कामाचं वाटोळं झालं, निदान एवढं एक काम तरी नीट व्हायला हवं होतं, असं बरंच काही बोलून गेली. तिचं संपल्यावर काटेकोरांनी कपाटातून नोंदवही काढली, पाचव्या फेरीचं पान उघडलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो शेऱ्याचा रकाना होता.

त्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं. मासा तीन, पाच, सहा, सात, शेपटीच्या वरच्या टोकाला जुनी, भरून आलेली खाच. पुढे आणखी तेरा आकडे होते. सहाव्या फेरीच्या पानावर पुन्हा सतरा आकडे, आणि पुढे एकच शब्द, 'तसेच'.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" तिने विचारलं. तिचा आवाज आता पार उतरला होता.

"लिहिलं होतं ना मॅडम," काटेकोर म्हणाले. "शेरा लिहायचा असतो, तो मी लिहिला. वाचायचाही असतो, असं मला वाटत होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तापमानाचे आकडे तिने शंभरदा उलटसुलट करून पाहिले होते, पण हा रकाना एकदाही वाचला नव्हता. तिला इतकी लाज वाटली की क्षणभर तिला वर बघवेना. चुकलं माझं, असं ती म्हणाली. काटेकोरांनी वही मिटून कपाटात जागच्या जागी ठेवली आणि तुमचा चहा गार झालाय, असं सांगितलं. त्यांच्याकडून क्षमा मिळाली ती एवढीच, पण ती खरी होती.

चिठ्ठ्या बरोबर होत्या. मग तेच मासे तीनदा आले कसे? उत्तर तिला तिथेच कळलं होतं. फक्त ते मानायचं धाडस होत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "लागला का निकाल? पास झाली का आपली खाडी?" ती म्हणाली, अजून बघायचाय. सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नुसती भाकरी वाढली. त्या घरात सगळ्यात आधी सगळं कळायचं ते त्यांना, आणि अशा वेळी मूग गिळून बसायचं हेही त्यांनाच कळायचं.

गुरुवारी सकाळी ती केंद्रात न जाता धक्क्यावर गेली. सासरे तिथे नव्हते, ते पलीकडच्या जुन्या, मोडक्या धक्क्यावर दिसले. तिथे आता होड्या लागत नव्हत्या. ते कडेला गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या हातात दोर होता आणि दोराच्या टोकाला पाण्यात जाळीचा मोठा पिंजरा. शेजारच्या वाटीत कालवांचे बारीक तुकडे होते, आणि ते एकेक तुकडा पाण्यात टाकत होते. पिंजऱ्यात तीन काळे पट्टे इकडून तिकडे फिरत होते. पाणी उथळ होतं, साचलेलं, दिवसभर उन्हात तापणारं. मासे ऊन पाण्याला का सरावले आणि धष्टपुष्ट का झाले, हे समजायला आता कुठलंही यंत्र लागणार नव्हतं. वरून दर फेरीला त्यांना तिच्याच टाकीत शेक मिळाला होता.

"ये सूनबाई," सासरे मागे न बघताच म्हणाले. "एक दिवस येशील, असं वाटतच होतं."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. चौथ्या फेरीचे वीस मासे गोळा करायला त्यांना आठ दिवस लागले होते. कधी एक, कधी दोन. पूर्वी एका फेकीत वीस यायचे. काम झाल्यावर ते सोडायला गेले, पण हात पुढे होईना. हे सोडले तर पुढच्या वेळी कुठून आणायचे? म्हणून पिंजरा बांधला. तीन मासे मेले, सतरा तगले. पाचव्या फेरीच्या वेळी त्यांनी तीन आठवडे खाडीत जाळं टाकलं, आणि तिकडून एकही पट्टेरी आला नाही. मग विसातले तीन भरायला ते बाहेरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी गेले आणि कसेबसे तीन मिळवले. सहाव्या फेरीलाही तसंच.

हे ऐकताना तिला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग पुन्हा रागच आला. "मग सांगायचं ना बाबा. मला मासे नको होते. खाडीत काय आहे ते हवं होतं. नसेल तर 'नाही' हे हवं होतं."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते.

"'नाही' हे कसं आणून देणार?" ते म्हणाले. "तू हातमोजे घालून दारात उभी. चिठ्ठ्या तयार. मी बादलीत काय घालणार होतो?"

तीन वर्षांत तिने त्यांना वीस मासे आणा एवढंच सांगितलं होतं. न मिळाले तर काय करायचं, हे सांगितलंच नव्हतं. कागदावर तसा रकानाही नव्हता. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिने दुसऱ्या पाइपाबद्दल सांगितलं. तिच्या अहवालात खाडीतला मासा मजेत आहे असं लिहिलंय, आणि त्या जोरावर सोमवारी आणखी ऊन पाणी सोडायला परवानगी मिळेल. सासऱ्यांनी हातातला तुकडा परत वाटीत टाकला. पन्नास वर्षं ज्या पाण्याने पोसलं त्या पाण्याविरुद्ध आपण साक्ष दिली, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा बघून तिचा राग गेला तो गेलाच.

दुपारी ती सरांसमोर बसली. सरांचा चेहरा उतरला, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी एक वाट सुचवली. शेवटच्या तीन फेऱ्या गाळून टाकू, चिठ्ठ्यांचा गोंधळ झाला असं लिहू, कुणाचं नाव नको. ती म्हणाली, चिठ्ठ्या म्हणजे काटेकोर, नाव नसलं तरी. शिवाय पहिल्या तीन फेऱ्यांत मासे आहेतच, म्हणजे अहवाल वाचून खाडी अजून भरलेलीच वाटणार. मग खरं लिहा, सर म्हणाले. खरं लिहायचं तर सासऱ्यांचं नाव घ्यावं लागणार होतं. धक्क्यावरच्या प्रत्येकाला कळणार होतं की म्हाताऱ्याने सुनेलाच फसवलं. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि एवढं करूनही सरांचा शेवटचा प्रश्न उरलाच. खाडीत मासा नाही याला पुरावा काय? एकदा फसवलेल्या माणसाचा शब्द? समिती तो कशाला मानेल?

घरी गेल्यावर तिने हे सगळं जसंच्या तसं सासऱ्यांना सांगितलं, कारण आता लपवायचं काय उरलं होतं?

शुक्रवारी सकाळी केंद्राचं दार उघडलं तेव्हा सासरे बाहेर उभे होते. अंगात धुतलेला सदरा, हातात नेहमीची बादली. ते आत आले आणि सरांसमोर उभं राहून म्हणाले, "मी खाडीत जाळं टाकायला निघालोय. तुमच्यातलं कुणीतरी बरोबर चला. माझ्या एकट्याच्या शब्दाला आता किंमत नाही."

सुनेला जायचं होतं, पण ती घरची. तिच्या साक्षीला काय अर्थ? सर खिडकीतून बाहेर बघू लागले. तेव्हा काटेकोर उठले. सव्वीस वर्षं माशांच्या केंद्रात काढून हा माणूस एकदाही होडीत बसला नव्हता. झोपाळ्यावरसुद्धा त्यांना मळमळायचं. त्यांनी नोंदवही घेतली, दोन पेनं घेतली, आणि वाटेत लिंबू कुठे मिळेल एवढंच विचारलं.

खाडीत ठरलेल्या बारा जागा होत्या. प्रत्येक ठिकाणी तीनदा जाळं, म्हणजे छत्तीस फेकी. दोघे परतले तेव्हा दुपार टळून गेली होती. काटेकोरांचा रंग पार उडाला होता आणि शर्टावर लिंबाचे डाग होते, पण वहीतलं अक्षर तसंच बारीक, तसंच सरळ. बारा ओळी, प्रत्येक ओळीत वेळ, पाण्याचं तापमान आणि शेवटी शून्य. बाकीचे लहानमोठे मासे आले होते, ते तिथेच सोडले. पट्टेरी एकही नव्हता. एवढ्याने सगळं सिद्ध होत नाही, सर म्हणाले, आणखी बरेच दिवस टाकावं लागेल. पण सोमवारी पाइपाचा निर्णय थांबवा असं सांगायला हे पान पुरेल. आणि हे पान मी स्वतः वाचून दाखवीन, असंही ते म्हणाले. चांगल्या बातमीचा माणूस तो, त्याला हे म्हणायला किती जड गेलं असेल ते तिलाच कळलं.

पिंजऱ्यातल्या सतरांना मोठ्या टाकीत आणायचं ठरलं. खाडीच्या कुळातले उरलेले, माहीत असलेले तेवढेच. त्यांच्यापासून पुढची पिढी वाढवता येते का, हे आता तिचं काम होतं. ज्या माणसाने तिचा अभ्यास बुडवला त्यानेच तेवढे वाचवले होते, आणि अहवालात तिला दोन्ही लिहायचं होतं. तुमचं नाव घालू का, असं तिने विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, घाल, आणि नीट अक्षरात घाल.

मग त्यांनी बादली टेबलावर ठेवली. नेहमीच्याच जागी, जिथे दर फेरीला ठेवायचे तिथे. आत चार बोटं पाणी होतं, दुसरं काही नाही. काटेकोरांनी एक चिठ्ठी घेतली. फेरी सातवी, ठिकाण खाडी, संख्या शून्य. ती त्यांनी बादलीच्या कडेला समांतर चिकटवली. नोंदवही सुनेकडे सरकवली. शेवटचा रकाना मोकळा होता.

"बाबा, शेऱ्यात काय लिहू?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "लिही," ते म्हणाले, "जाळं नीट टाकलं होतं."

तिने ते लिहिलं आणि लिहून झाल्यावर पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं.

घरी जाताना दोघे बरोबर निघाले. बादली केंद्रातच राहिली होती. वाटेत पावाचं दुकान लागलं तसे सासरे सवयीने थांबले, त्यांचा हात खिशात गेला. थोड्या वेळाने त्यांनी हात खिशातून काढला आणि चालू लागले. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, एकाकडे, मग दुसऱ्याकडे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांत काही नव्हतं.

"गार पडलेत," असं म्हणून त्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले.